औषध कंपनीत ‘कर्मचारी आणि विविधता सप्ताह’ कसा करावा? प्लांटच्या बाजूने एक उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोळ्या आणि इंजेक्शने बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीत तुम्ही नुकतेच एचआरमध्ये रुजू झाला आहात. व्यवस्थापनाला एक सप्ताह हवा आहे, त्यात कर्मचाऱ्यांचे कौतुक आणि विविधतेचा उत्सव दोन्ही उरकायचे. गेल्या वर्षी कार्यक्रमाला ऑफिसची मंडळी होती, प्लांटमधून फारसे कुणी फिरकले नाही, आणि नंतर ‘हे तुमचं ऑफिसवाल्यांचं’ असे कानावर आले. यंदाच्या यादीत पोस्टर, पाहुण्यांचे भाषण, महिला कर्मचाऱ्यांचा सत्कार आणि वर्षभरात एकही डेव्हिएशन न झालेल्या विभागाला ट्रॉफी आहे. तुम्ही विचारता, यात काय घालू म्हणजे प्लांटची माणसे येतील?

मी बरीच वर्षे क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागात, होते आणि नंतर प्लांटचे एचआर पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, अडचण उपस्थितीची नाही. आपण ज्या गोष्टीचे कौतुक करतो ती गोष्ट प्लांटच्या माणसाच्या कामाशी जुळत नाही, आणि त्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. औषधाच्या कारखान्यात चांगले काम झाले की दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. बॅच वेळेत सुटली, तक्रार आली नाही, लेबल बदलले नाही, पाण्याच्या नमुन्यात जंतू निघाले नाहीत. विक्रीच्या माणसाला आकडा दाखवता येतो. ‘काहीही घडले नाही’ हे स्टेजवर कसे दाखवणार? मग आपण सोपी वाट धरतो आणि ‘शून्य’ला बक्षीस देतो.

म्हणून पहिली विनंती: ती शून्य डेव्हिएशनची ट्रॉफी यादीतून काढा. बाकी माझे काहीच पटले नाही तरी एवढे करा. डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेली फारकत. ती घडल्यावर नोंदवणे हेच चांगल्या उत्पादनाचे लक्षण आहे. वर्षभर तीन शिफ्ट चालणाऱ्या विभागात एकही फारकत झाली नाही असा कागद समोर आला तर अनुभवी ऑडिटर खूश होत नाही, तो खुर्ची पुढे ओढून बसतो. ट्रॉफी लावलीत की डिसेंबरमध्ये कुणाच्या हातून वजनाची नोंद चुकली तर शेजारचाच म्हणणार, ‘आता कशाला, वर्ष निघू दे.’ तुम्ही बक्षीस द्यायला गेलात आणि लपवाछपवीला कारण दिलेत. डेटा इंटिग्रिटीचे, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचे, मोठे घोटाळे कंपन्यांत एका दिवसात उभे राहत नाहीत, ते अशाच छोट्या ‘निघू दे’मधून वाढतात.

याला आधार देणारे एक जुने संशोधन औषधांशी संबंधित आहे, व्यवस्थापनाला पटवताना उपयोगी पडेल. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या चमूंमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी उलट निघाल्या. जिथे प्रमुखाशी मोकळेपणाने बोलता येत होते तिथे चुका जास्त नोंदल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या बोलल्या जात नव्हत्या, इतकेच.

मग गौरव कुणाचा करायचा? ज्याने लाइन थांबवली त्याचा. लाइन क्लिअरन्सच्या वेळी, म्हणजे नवे उत्पादन लावण्याआधी लाइन रिकामी आहे ना हे तपासताना, कन्व्हेयरखाली आधीच्या उत्पादनाचे एक लेबल सापडले आणि ते खिशात न घालता सुपरवायझरला दाखवले, अशा पॅकिंगच्या मुलीचा. एएचयूचा, म्हणजे खोलीत गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्राचा, आवाज आज वेगळा येतो म्हणून दाबाची नोंद पुन्हा बघायला लावणाऱ्या मेंटेनन्सवाल्याचा. स्वतःच्या विश्लेषणातली चूक स्वतःहून सांगणाऱ्या केमिस्टचाही, पण तिथे फार जपून. कारण कौतुकाच्या गोष्टीत बहुधा दुसऱ्या कुणाची तरी चूक दडलेली असते. ‘अमुकने पकडले’ असे स्टेजवर म्हटले की ‘तमुकने केले होते’ हे सगळ्यांना कळते. म्हणून आधी तीन गोष्टी पाहा. त्या व्यक्तीला विचारा, तिला स्टेज नको असेल तर प्लांट हेडने शिफ्टवर जाऊन दोन मिनिटे बोलणे पुरते. क्यूएला विचारा, तपास चालू असलेले प्रकरण जाहीर करू नका. आणि गोष्ट सांगताना प्रक्रियेतली फट सांगा, माणसाचे नाव नको.

आता प्लांटची माणसे ‘ऑफिसवाल्यांचं’ का म्हणतात त्याकडे येऊ. वैयक्तिक पुरस्कार औषधाच्या उत्पादनाला मुळातच नीट बसत नाहीत. एक बॅच किती हातांतून जाते ते बघा: गोदामात आलेला माल, नमुना घेणारा, डिस्पेन्सिंग (माल मोजून देणे), ग्रॅन्युलेशन (दाणे करणे), कॉम्प्रेशन (गोळ्या दाबणे), कोटिंग, पॅकिंग, क्यूसी (प्रयोगशाळेतली तपासणी), आणि शेवटी क्यूएची सही. यातल्या एकाला ‘सर्वोत्कृष्ट’ ठरवले की बाकीचे मनातल्या मनात हसतात.

मला चालताना दिसलेली कल्पना वेगळी आहे. वर्षभरातली एक बॅच निवडा, शक्यतो साधी, अडथळ्याशिवाय पार पडलेली. तिचे बॅच रेकॉर्ड उघडा आणि त्यावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांना एका ठिकाणी बोलवा. प्रत्येकाने आपल्या टप्प्यावर काय केले आणि काय बिघडू शकले असते ते आपल्या शब्दांत सांगायचे. कोटिंगच्या ऑपरेटरला क्यूसीत त्याच्या गोळीचे पुढे काय होते हे बहुधा प्रथमच कळते, आणि क्यूसीच्या मुलांना कळते की दमट हवेच्या दिवशी ग्रॅन्युल वाळवणे म्हणजे काय. यात भाषण करावे लागत नाही. आपल्या कामाबद्दल बोलायचे म्हटले की एरवी मुके बसणारे लोक थांबता थांबत नाहीत.

आणि खरा धडा पुढच्या पायरीवर आहे. सह्या झाल्यावर विचारा: या कागदावर कोण नाही? खोली पुसणारे नाहीत. निर्जंतुक कपडे धुऊन, घडी घालून, पॅक करणारे नाहीत. शुद्ध पाण्याचा प्लांट रात्री चालवणारा कदाचित नाही. माल चढवणारे कंत्राटी कामगार तर नाहीतच. त्यांनाही बोलवा. तुमच्या कंपनीतल्या विविधतेचा मोठा भाग या न झालेल्या सह्यांमध्येच सापडेल, कारण वय, भाषा, शिक्षण, जात-धर्म, स्त्री-पुरुष या सगळ्या रेषा बहुतेक कारखान्यांत कायम आणि कंत्राटी या रेषेला येऊन चिकटतात. कंत्राटी माणसांना सप्ताहात समान वागणूक देता येईल का, हे करारावर आणि कंत्राटदारावर अवलंबून आहे, ते आधी तपासा. पण कायमच्या लोकांना भेटवस्तू आणि शेजारी उभ्या असलेल्यांना काहीच नाही, असे असेल तर भेटवस्तू कुणालाच देऊ नका.

आता विविधता. या विषयावर मी जरा रोखठोक बोलेन, कारण इथे पोस्टरवर खर्च फार होतो आणि कपाटात हात कुणी घालत नाही. कपाट म्हणजे गाऊनिंग रूमचे, जिथे निर्जंतुक भागात जाण्याआधी कपडे बदलतात. तिथे जाऊन बघा, कव्हरऑल कोणत्या मापांत आहेत. बऱ्याच ठिकाणी मापे सरासरी पुरुषाच्या अंगाची असतात. बुटक्या बाईच्या अंगावर तो सूट ढगळ होतो, पाय घालताना कापड जमिनीला लागते आणि तिथेच निर्जंतुकपणा गेला. अंगाने जाड असलेल्या माणसाला तो ताणतो, शिवणीपाशी उसवतो, कण बाहेर पडतात. नंतर गाऊनवरच्या चाचणीत जंतू सापडले की आपण त्या व्यक्तीला पुन्हा ट्रेनिंगला बसवतो. चूक कपड्याची, शिक्षा अंगाला. मापे वाढवण्याचा खर्च तुमच्या स्टेजच्या सजावटीपेक्षा बहुधा कमी असेल, आणि तो कंटॅमिनेशन कंट्रोलच्या, म्हणजे दूषितता रोखण्याच्या, खात्यात सहज बसतो, विविधतेच्या खात्यातून मागावाही लागत नाही.

हाच नियम मास्कला. पावडर उडणाऱ्या जागी जे घट्ट बसणारे रेस्पिरेटर लागतात त्यांची फिट टेस्ट प्रत्येकाच्या चेहऱ्यावर व्हायला हवी. लहान चेहऱ्यावर कडेने हवा शिरते, दाढीवर सील बसत नाही. ज्यांच्या श्रद्धेत दाढी किंवा डोक्यावरचे वस्त्र आहे त्यांना ‘नियम म्हणजे नियम’ सांगून बाजूला काढण्याआधी पर्याय शोधा. दाढीचे कव्हर असते, हुडखाली घालण्यासाठी धागे न सोडणाऱ्या कापडाचे आवरण करून घेता येते, आणि सैल हुडचे, हवा पुरवणारे रेस्पिरेटर चेहऱ्यावर चिकटावे लागत नाहीत. कोणता पर्याय कुठे चालेल हे क्षेत्राच्या ग्रेडवर, म्हणजे तिथे किती स्वच्छता लागते यावर, ठरते. त्यासाठी क्यूए आणि सेफ्टीला एकत्र बसवावे लागते, आणि हे काम एचआरनेच घडवून आणायचे असते. ते आपणहून एकत्र बसत नाहीत.

रंगांचे उदाहरण तर मला फार आवडते, कारण ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही. बहुतेक कारखान्यांत तपासणीखालच्या मालाला पिवळे, मंजूर मालाला हिरवे आणि नाकारलेल्याला लाल लेबल असते. लाल-हिरवा गोंधळ होणारी रंगांधता पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळते आणि आपल्याला ती आहे हे अनेकांना ठाऊकही नसते. गोदामातला असा माणूस वर्षानुवर्षे लेबलाच्या जागेवरून अंदाज बांधत असतो. दृश्य तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्यांची त्या कामासाठीची पात्रता वर्षातून एकदा तरी, चष्मा असेल तर तो लावून, तपासली जाते, निर्जंतुक उत्पादनांच्या युरोपीय नियमावलीत, म्हणजे ॲनेक्स 1 मध्ये, तसे स्पष्ट लिहिले आहे. गोदामाचे काय? ठळक शब्द, वेगळा आकार, बारकोड यांनी प्रश्न सुटतो, आणि कुणालाही पुढे येऊन ‘मला रंग कळत नाहीत’ म्हणावे लागत नाही. माझ्या मते चांगल्या सोयीची हीच खूण आहे, ती घेण्यासाठी हात वर करावा लागत नाही.

काही गोष्टींत मात्र हात वर करावाच लागतो. हार्मोन किंवा कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या विभागात गरोदर स्त्रीला, किंवा मूल हवे असलेल्या कुणालाही, लवकर सांगता आले पाहिजे. नुसत्या स्त्रियांचा हा विषय नाही. इस्ट्रोजेनच्या धुळीमुळे पुरुष कामगारांना स्तनवाढ झाल्याच्या नोंदी आहेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यालाही हेच लागू. पण सांगितले की विभाग बदलतो, विभाग बदलला की शिफ्ट भत्ता जातो, हे कळले की कोण सांगेल? महिला कर्मचाऱ्यांच्या सत्काराऐवजी यंदा एकच घोषणा करून घ्या, की आरोग्याच्या कारणाने विभाग बदलला तर ठराविक काळ भत्ता कायम राहील आणि कारण फक्त कंपनीच्या डॉक्टरांकडे राहील. हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही, वित्त विभाग कुरकुर करेल. तरी मागा.

भाषेचे दोन शब्द. एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, एका भाषेत, काम करणारा विचार करतो दुसऱ्या भाषेत, आणि शेवटी ‘वाचले व समजले’वर सही. सप्ताहात ऑपरेटरांनाच विचारा, कोणत्या दोन एसओपी त्यांना कळत नाहीत. त्या चित्रांसह नव्याने लिहून घ्या. फक्त भाषांतराचे कागद भिंतीवर चिकटवू नका. ते नियंत्रित दस्तऐवज म्हणून क्यूएमधूनच आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये तुमच्या सप्ताहाचेच निरीक्षण, म्हणजे त्रुटीची नोंद, लिहिले जाईल.

पोस्टर लावायचीच असतील, आणि व्यवस्थापनाला ती हवीच असतात, तर निवड विचारपूर्वक करा. फ्रान्सिस केल्सी यांचे लावा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेत 1960 मध्ये नव्याने आलेल्या या महिला अधिकाऱ्याने थॅलिडोमाइडला मंजुरी द्यायला नकार दिला, कंपनी पाठपुरावा करत असताना पुन्हा पुन्हा सुरक्षिततेची माहिती मागितली. पुढे त्या औषधामुळे जन्मजात व्यंगे होतात हे उघड झाले आणि 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला. एका ‘थांबा’साठी मिळालेला तो सन्मान होता, तुमच्या लाइन थांबवणाऱ्या माणसाच्या शेजारी तो शोभेल. दुसरे गर्ट्रूड एलियन यांचे. स्त्री म्हणून प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी काही काळ अन्नपदार्थांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी केली. 1944 मध्ये त्या औषध संशोधनात आल्या आणि पीएचडी न करता 1988 चे नोबेल मिळवले. पदवीवरून माणसे मोजणाऱ्या आपल्या आर अँड डीच्या मजल्यावर हे पोस्टर लावा. ॲलिस बॉल यांचेही घ्या: कुष्ठरोगावरचे चौलमुग्रा तेल इंजेक्शनने देता येईल अशी पद्धत या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने शोधली, 1916 मध्ये वयाच्या 24 व्या वर्षी त्या वारल्या, आणि श्रेय बरीच वर्षे दुसऱ्याच्या नावावर राहिले. त्या पोस्टरखाली एकच प्रश्न छापा, ‘आपल्याकडे गेल्या वर्षी कुणाचे काम कुणाच्या नावावर गेले?’ छापू देतील का, ते मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

‘आपल्या धंद्याशी विविधतेचा काय संबंध’ असे वरून कुणी विचारले तर उत्तर औषधांच्या इतिहासातच आहे. 1977 मध्ये एफडीएने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना काढली, ती 1993 मध्ये मागे घेतली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध वर्षानुवर्षे स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिले जात होते. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल उरू शकतो, म्हणून 2013 मध्ये साध्या गोळीची स्त्रियांसाठीची शिफारस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणली गेली. अर्थात चाचणीतले रुग्ण कोण आणि कंपनीतले कर्मचारी कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, भाषणात त्यांची खिचडी करू नका. संबंध इतकाच की ‘हे सगळ्यांना सारखेच लागू पडेल का’ हे विचारणारे कुणीतरी टेबलाशी बसलेले असावे लागते.

पाहुण्यांच्या व्याख्यानाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा केलेव्ह आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या 700 हून अधिक आस्थापनांची आकडेवारी तपासली. पूर्वग्रह घालवण्याच्या प्रशिक्षणाचा वरच्या पदांवरच्या विविधतेवर फारसा परिणाम दिसला नाही. जिथे ही जबाबदारी ठराविक माणसाला किंवा समितीला दिली होती तिथे फरक सगळ्यात जास्त होता. व्याख्यानाचे पैसे वाचवून एखाद्या नावाला जबाबदारी द्या आणि सहा महिन्यांनी गाऊनची मापे, भत्त्याचा निर्णय, एसओपी यांचे काय झाले ते विचारा.

सर्वेक्षण करणार असाल तर एक सावधगिरी. धर्म, अपंगत्व, लैंगिक कल यांची माहिती गोळा करणे अनेक देशांत कायद्याने कडक बांधलेले आहे, युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ती खास संरक्षित माहिती आहे. आणि निनावी म्हटले तरी रात्रपाळीच्या क्यूसीत दोनच स्त्रिया असतील तर ‘क्यूसी, रात्रपाळी, स्त्री’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. पाच-दहापेक्षा लहान गटाचे उत्तर वेगळे दाखवू नका. याच कारणाने ‘अपंग सहकाऱ्यांचा मनोगत कार्यक्रम’ वगैरे टाळा. कुणालाही आपल्या गटाचा प्रतिनिधी म्हणून स्टेजवर उभे करू नका, ते आपणहून आले तर गोष्ट वेगळी.

बारीकसारीक: चमकी, फुगे, ताजी फुले उत्पादन इमारतीत नकोत. खाणे कॅन्टीनमध्येच. ज्या शिफ्टला नेलपॉलिश, मेकअप, दागिने, घड्याळ काढून आत जायचे आहे तिला ‘नटून या’ असे निमंत्रण पाठवू नका. फोटो काढणाऱ्याबरोबर क्यूएचे कुणीतरी ठेवा, मागच्या पडद्यावर किंवा टेबलावर बॅचची माहिती दिसते. बाहेर फिरणाऱ्या वैद्यकीय प्रतिनिधींना सकाळी अकराच्या व्हिडिओ कॉलचा काही उपयोग नाही, ते तेव्हा डॉक्टरांच्या दाराशी उभे असतात. त्यांचा वेगळा, संध्याकाळचा कार्यक्रम ठेवा.

तुमचा प्लांट फक्त गोळ्यांचा असता तर गाऊनिंगबद्दल मी इतके लिहिले नसते. इंजेक्शनची लाइन आहे म्हणून तिथून सुरुवात करा. युनियन असेल तर पुरस्कारांचे निकष तिच्याशी आधी बोला, जाहीर झाल्यावर नाही.

तारीख ठरवताना प्लांट हेडकडून तीन कॅलेंडरे मागून घ्या: ऑडिट, मीडिया फिल (औषधाऐवजी जंतू वाढू शकतील असा द्रव भरून घेतलेली निर्जंतुकतेची चाचणी) आणि वार्षिक शटडाऊन. शटडाऊनमध्ये उत्पादन बंद असते म्हणून एचआरला तो काळ मोकळा वाटतो, पण मेंटेनन्स, इंजिनिअरिंग आणि व्हॅलिडेशनची माणसे वर्षात सगळ्यात जास्त तेव्हाच राबत असतात. मीडिया फिलच्या आठवड्यात ॲसेप्टिकच्या, म्हणजे निर्जंतुक भरणीच्या, ऑपरेटरांना हात लावू नका. आणि कार्यक्रम तिन्ही शिफ्टमध्ये घ्या, रात्रपाळीलाही, प्लांट हेडसकट. ते रात्री दोनला यायला तयार नसतील तर सप्ताह पुढे ढकला आणि त्यांच्या सोयीची रात्र विचारा.